तिवसाच्या मुठी

होळी होऊन पंधरा दिवस उलटले की आदिलाबादेत पश्चिमेकडचं दार उघडताना बायकांचा हात आपोआप पदराकडे जातो. दुपारी दोननंतर लोखंडी कडीला उघड्या हाताने शिवायची सोय राहत नाही. पदर, ओढणीचं टोक, भाजीची पिशवी, जे सापडेल ते कडीवर टाकायचं आणि मग ओढायचं. बाहेरगावचा पाहुणा तेवढा फसतो. हात झटकत तो आत येतो, आणि माठातलं पाणी आधी त्याच्या बोटांवर जातं, मग घशात.

इतकी वर्षं इथे राहून काल मीही फसले. एका हातात गाडीची चावी, दुसऱ्या हातात कैऱ्या आणि डोकं भलतीकडे. बोटांना साय चोळत बसले होते, तर तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. त्या उन्हाळ्यात मी चांगली दोन महिने भाजत होते, आणि बाहेरच्या उन्हाचा त्यात फारसा दोष नव्हता. आडपडदा कशाला ठेवायचा, मला हेवा वाटत होता. माझ्या धाकट्या जावेचा, शोभाचा.

आमचा दारं-खिडक्यांचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. प्रत्यक्षात ती पत्र्याची एक लांब शेड आहे, दोन सुतार आहेत, एक करवतीचं मशीन आहे आणि सागाच्या भुशाचा वास आहे, जो आमच्या घरातल्या प्रत्येक कपड्याला येतो. मामाजींचे दोन्ही मुलगे नोकरीला लागले, एक बँकेत, एक शाळेत. त्यामुळे कारखाना सुनांच्या वाट्याला आला. सुरुवातीला सून एकच होती, मी. नागपूरला घरांच्या सजावटीचा कोर्स करून आलेली. लग्नानंतर सहा वर्षं त्या शेडमध्ये कागद आणि पेन्सिल फक्त माझ्या हातात होती.

दारांच्या मुठींची कल्पनाही माझीच. बाजारात मिळणारी हँडलं चकचकीत असायची, पण नुसत्या धातूची. उन्हाळ्यात चटका, आणि आमच्याकडची थंडी साधीसुधी नसते, पौषात त्याच हँडलला हात लावला की कळ मनगटापर्यंत जाते. मी म्हटलं, दोन्ही टोकांना पितळ ठेवू, आणि हात जिथे पडतो तिथे लाकूड. गावातल्या एका ओताऱ्याकडून पितळेची टोकं ओतून घेतली. मधला दांडा शिसमाचा. टोकांवर मी राघू काढले होते, चोच पुढे, शेपूट मागे. चिंचेने घासून पितळ उजळलं, शिसमावर मेण चोळलं, आणि पहिली जोडी आमच्या शेडच्याच दाराला बसवली. येणारं गिऱ्हाईक आधी त्या राघूंना हात लावायचं. मी आतून पाहत असायचे. मामाजी म्हणायचे, "आमच्या मंजूचं काम हाये हे." ते वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, पण दर वेळी नव्याने कानात भरून घ्यायची.

मग शोभा आली.

बेल्याकडच्या एका खेड्यातली. घरी कापूस आणि ज्वारी, दारात बैलजोडी. शिक्षण बारावीपर्यंत. लग्नानंतर दुपारी घरात करमत नाही म्हणून ती शेडमध्ये येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने दाराची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली आणि अगदी सहज म्हणाली, "ताई, हे पाखरू बोटाले टोचते."

दोन्ही सुतार हसले. मामाजी हसले. मीही हसले, कारण तेव्हा दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्वतः जाऊन ती मूठ धरून पाहिली. करंगळीच्या खाली, बरोब्बर राघूची चोच. सहा वर्षांत ती मला टोचली नव्हती, कारण सहा वर्षांत मी ती मूठ कधी लक्ष देऊन धरलीच नव्हती. मी तिच्याकडे फक्त पाहत आले होते.

हेव्याचा एक विचित्र कायदा आहे. लांबच्या माणसाचा तो वाटत नाही. हैदराबादच्या मोठ्या दुकानातल्या मुठींची चित्रं मी फोनवर पाहते, छान म्हणते, पुढे सरकते. पोटात दुखतं ते एकाच माठातलं पाणी पिणाऱ्या माणसामुळे. शोभाने भाकरी थापली तरी मी तिच्या हातांकडे पाहायची. रुंद पंजे, आखूड बोटं, नखांत कायम काहीतरी. ते हात लाकडाच्या तुकड्यावरून एकदा फिरले की ती सांगायची, हे झाड उताराचं आहे, हे ओलीतलं. मी पाठ केलेलं ज्ञान घेऊन बाजूला उभी. माझी बोटं लांबसडक आहेत. माहेरी सगळे म्हणायचे, मंजूची बोटं कलाकाराची. त्या उन्हाळ्यात मला ती नुसती लांब वाटू लागली.

चैत्र लागला तेव्हा गुडीहत्नूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. हायवेच्या बाजूला त्यांचं नवं घर होत होतं, अकरा दारं. दारं आमच्याकडूनच घेतली होती, आता सगळ्यांना एकसारख्या मुठी हव्या होत्या. मामाजी म्हणाले, "नमुना तयार ठेवतो." आणि मग माझ्याकडे न पाहता, कुणाकडेच न पाहता म्हणाले, "दोघीबी एक एक करा. पाहू."

दोघीबी. मामाजींच्या लेखी तो साधा शब्द होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी चार दिवस कागदावर काम केलं. राघूंच्या चोची आत वळवल्या, वेल काढली, वेलीला कळ्या काढल्या. शोभाने कागद घेतलाच नाही. तिने अंगणातली चिकण माती भिजवून लोण्यासारखी मळली, तिचे लांबट गोळे केले आणि एकेकाच्या हातात देत सुटली. "दार वढल्यावानी दाबा," म्हणायची. मामाजींनी दाबला, सुतारांनी दाबला, दूधवाल्याने दाबला, शेजारच्या आजारी काकूंनी दोन बोटांनी कसाबसा दाबला. मग मुठींचे ते सगळे ठसे ओळीने उन्हात ठेवून ती त्यांच्याकडे बघत बसली. कुठे सगळ्यांचा अंगठा पडतो, कुठे तळव्याला पोकळी लागते.

माझ्याकडेही आली होती. "ताई, तुमी बी दाबा न."

"माझे हात रंगाचे आहेत," मी म्हटलं. हात स्वच्छ होते.

लाकूड तिने निवडलं तिवसाचं. आमच्याकडे तिवस कुणी दारांना वापरत नाही. ते शेतकऱ्यांचं लाकूड, बैलगाडीचं, कुऱ्हाडीच्या दांड्याचं. मामाजींनी विचारलं, "काऊन, शिसम काऊन नाई?" तर म्हणाली, "शिसम दिसाले चांगलं. तिवस धराले चांगलं. आमच्या घरी कुऱ्हाडीले तिवसाचाच दांडा हाये, दिवसभर लाकडं फोडा, हाताले फोड नाई येत." तिची मूठ तयार झाली तेव्हा तिच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. मधे किंचित फुगीर, वर अंगठ्यापुरती खोलगट, आणि दोन्ही टोकांना पितळेचं एकेक साधं कडं. मला बरं वाटलं. इतकी साधी वस्तू कोण घेणार, असं मी मनाशी म्हटलं आणि त्या दिवशी भाजीत मीठ नीट पडलं.

डॉक्टरीणबाई भर दुपारी आल्या. वाळ्याची ताटी भिजवलेली होती, सरबत झालं. त्यांनी माझी मूठ उचलली, खिडकीपाशी नेऊन वेल पाहिली, कळ्या पाहिल्या. "बहुत सुंदर," म्हणाल्या. मग शोभाची घेतली. पाहिली नाही, नुसती धरली. बोलता बोलता धरून राहिल्या. रंगाऱ्याने कसं फसवलं ते सांगत होत्या, बोअरला पाणी कुठे लागलं ते सांगत होत्या, आणि मूठ हातातच. पाच-सात मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हसल्या. "ये वाला. किसने बनाया?"

"हमारी छोटी बहू," मामाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात तीच ऐट होती जी सहा वर्षं माझी होती.

दोन्ही टोकांना पितळ आणि मधे लाकूड ही कल्पना कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मामाजींना आठवलं नाही. आमचे हे तेव्हा बँकेत. मी रिकामे पेले गोळा केले. स्वयंपाकघरात जाऊन ते एकदा घासले, मग पुन्हा घासले. अक्षय तृतीयेला वास्तुशांत होती. तोवर अकरा दारांच्या बावीस मुठी, आतून एक, बाहेरून एक.

इथे मला बेल्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाचा पट्टा असतो, त्याला धाव म्हणतात. शेतीची कामं थांबली, कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग घराशेजारी लागले, की चैत्रापासून मृग लागेपर्यंत धावा बसवतात. चाक उन्हात ठेवून ठणठणीत सुकवायचं. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, म्हणजे ती फुगते. चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि वरून पाण्याचे घडे ओतायचे. चर्र करून वाफ उठते, लोखंड आवळतं, लाकूड कण्हल्यासारखा आवाज करतं. मग पावसाळ्यात चाक ओल पिऊन फुगलं की धाव आणखी घट्ट. सगळं गणित एकाच गोष्टीवर, बसवताना लाकूड पुरतं सुकलेलं हवं. ओल्या चाकावर धाव बसवली तर त्या दिवशी घट्ट बसते आणि महिन्याभरात गळून पडते. शोभाचे वडील हे काम गावासाठी करतात. ती त्या वाफेत वाढलेली.

तिने तेच आमच्या मुठींना लावलं. तिवसाचे बावीस दांडे घडवून पत्र्याच्या छपरावर मांडले. आठ-दहा दिवस ते तिथे तापत होते. ती रोज वर चढून त्यांची कूस बदलायची, पापड वाळवणाऱ्या बाईने करावं तसं. शेवटी उतरवून शेडच्या आतल्या खोलीत ठेवले, कारण ओताऱ्याकडून पितळेची कडी यायला दोन दिवस लागणार होते.

त्या आतल्या खोलीत आमचं किमती लाकूड असतं. उन्हाच्या झळांनी ते तडकतं, म्हणून उन्हाळाभर त्यावर ओलं बारदान टाकून ठेवायचं हा आमच्या शेडचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. रोज सकाळी बारदानावर पाणी मारायचं काम माझं. सुतारांनी शोभाचे दांडेही सवयीने त्याच बारदानाखाली सरकवले होते. सकाळी बादली घेऊन गेले तेव्हा मला ते दिसले. बारदानाच्या कडेतून चार-पाच गोल टोकं बाहेर आलेली.

मी थोडा वेळ उभी राहिले. मग रोजच्यासारखं पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही मारलं. त्या दिवशी जरा जास्तच.

कडी आली. अंगणात शेगडी पेटवली. मामाजी खुर्ची टाकून बसले, सुतार जमले, मी दारात. ओल मोजायचं छोटं यंत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. नागपूरहून मीच आणलं होतं आणि मीच वापरायची. शोभाने एक दांडा उचलला. अंगठा फिरवला. दुसरा उचलला. तिसऱ्यावर तिचा अंगठा थांबला आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, लाकूड चालते न?"

"चालते," मी म्हटलं.

ती माझ्याकडे क्षणभर तशीच पाहत राहिली. मग खाली मान घालून तिने पहिलं कडं शेगडीवर ठेवलं. बावीसच्या बावीस मुठी त्या दिवशी अशा बसल्या की सुताराने दगडावर आपटून दाखवल्या. मामाजी म्हणाले, "वा." वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. दार उघडायला लोक पुढे होत होते, उगाच उघडून बंद करत होते. मी जिलबी खाल्ली, तिची चव मला आजही सांगता येणार नाही.

वैशाख सरता सरता फोन आला. मुठी वाजतात. आधी एक, मग तीन, मग साऱ्याच. दार ओढलं की कडं खुळखुळतं, दांडा हातात गरगर फिरतो. डॉक्टरीणबाई रागावल्या नव्हत्या, थकलेल्या आवाजात म्हणाल्या, पेशंट येतात, हसतात. मामाजींनी चाळीस वर्षांत परत आलेला माल पाहिला नव्हता. बावीस मुठी टोपलीत भरून परत आल्या त्या दिवशी ते शेडमध्ये उभ्याने बोलले. "खेड्यातलं काम खेड्यात ठीक. घराच्या दाराले गाडीचं चाक समजून राह्यली का? मोठीले विचाराले काय झालतं तुले?"

शोभाने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "चुकलं माह्यं, मामाजी," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती माहेरी गेली.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. पेन्सिल पुन्हा माझ्या एकटीच्या हातात आली. मामाजी पुन्हा मंजू, मंजू करू लागले. मी वेलीची मूठ घेऊन गुडीहत्नूरला गेले आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती बाजूला सरकवली. "नहीं, मुझे वही चाहिए. बस, आवाज बंद करके दो." वाजणारी, फिरणारी, खुळखुळणारी मूठ त्यांना चालणार होती, माझी नको होती. परतताना बसमध्ये मला रडू आलं. पस्ताव्याचं म्हणावं तर तसंही नव्हतं, निव्वळ जळफळाटाचं होतं. नाव बदनाम झालं, माणूस निघून गेलं, तरी तिच्या मुठी जिंकत होत्या.

दुरुस्ती मी केली. कशी करायची ते मला ठाऊकच होतं. कडी काढली, दांडे छपरावर टाकले, रोज कूस बदलली. दहाव्या दिवशी यंत्राने हवा तो आकडा दाखवला. एकेक मूठ हातात घ्यावी लागत होती, धरावी लागत होती, आणि प्रत्येक वेळी माझी लांब बोटंही तिथे जागच्या जागी बसत होती. माझ्या हाताचा ठसा तिने घेतलेला नव्हता. मी दिलाच नव्हता. तरी त्या मुठीत माझ्यासाठी जागा होती. हे मात्र मला सहन होईना. शेवटची मूठ बसवून मी शेगडी विझवली, हात धुतले आणि बेल्याची बस पकडली.

शोभाच्या घराशेजारी चिंचेखाली धाव बसवून नुकती झाली होती. ओल्या राखेचा वास, चिखल, गरम चाक. ती उंबरठ्याशी बसून तेंदूची टेंभरं खात होती आणि मला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. तिची आई पाणी घेऊन आली, माझ्या पायांवर घातलं, आत गेली. आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी एका दमात सांगितलं. बारदान. बादली. दोन सकाळी. खणातलं यंत्र.

"मालूम होतं मले," ती म्हणाली. "अंगठ्याले ओल लागली होती."

"मग कडी कशाला बसवलीस?"

"तुमाले इचारलं न मी. तुमी चालते म्हनलं. मोठी जाऊ चालते म्हनते आन् लहान जाऊ चार मान्सात नाई म्हनते, असं आमच्यात नसते, ताई." बी थुंकून ती पुढे म्हणाली, "मले वाटलं, सांगसान तुमी. शेगडीवर कडं ठेवलं तवा बी वाटलं. लय हळू हळू ठेवलं मी."

मला आठवलं. खरंच हळू ठेवलं होतं.

"मामाजींना तू का नाही सांगितलंस?"

तिने पुढचं टेंभर उचलून बोटांत फिरवलं. आतून तिच्या आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, बाहेर वडील कुणाशी तरी चाकाबद्दल वाद घालत होते. "माह्यं काय," ती म्हणाली, "बोलनी बसली त मी इथं आली. मायच्या हातचं खाल्लं, पंधरा दिवस झोपली. तुमी कुठं जासान?"

माझे आईवडील दोन वर्षांच्या अंतराने गेले. नागपूरचं घर भावाने भाड्याने दिलं, तो पुण्याला असतो. मला जायला जागा नाही, ही गोष्ट मी कुणाशी कधी बोलले नव्हते. आमच्या ह्यांच्याशीसुद्धा नाही. ज्या बाईचं मी वाईट चिंतत होते तिने माझ्याबद्दल एवढा विचार करून ठेवला होता, आणि मग भर शेडमध्ये शिव्या खाल्ल्या होत्या. मला लाज वाटली. आणि खरं लिहायचं तर लाजेच्या खालोखाल मला पुन्हा हेवाच वाटला. तिच्या मोठेपणाचा.

संध्याकाळच्या चहाला आम्ही दोघी आदिलाबादेत होतो. शोभा वाटेत तीनदा म्हणाली, "नका सांगू." मी मामाजींना सांगितलं. सगळ्यांसमोर, कप खाली ठेवून. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. "बारदान तू रोज ओलं करते, ते मले मालूम हाये," ते म्हणाले. "पन चालते म्हनलं तू? तोंडानं?"

"हो."

ते उठून शेडमध्ये गेले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. समोर मी बसलेली असताना शोभाला म्हणायचे, "मोठीले इचार, चावी कुठं ठेवली." शोभा मला विचारायची, मी शोभाला सांगायची, शोभा त्यांना सांगायची, तिघं एका खोलीत. आमचे हे एवढंच म्हणाले, "कशाला सांगायला गेलीस?" ते ऐकून मला अधिकच एकटं वाटलं.

त्या चार दिवसांच्या अबोल्याबद्दल मी पुढे बरीच वर्षं विचार करणार आहे असं दिसतं, कारण अजून करते. आता शेडमध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. माती तिची, कागद माझा. यंत्राचा खण उघडाच असतो. मामाजी बोलू लागले, पूर्वीसारखं नाही, पण बोलतात. आमची मूठ गिऱ्हाइकाला दाखवताना ते म्हणतात, "सुनांचं काम हाये." त्या शब्दातला अर्धा वाटा मला अजून कमी वाटतो. काय करणार, स्वभाव आहे.

पण तेव्हाचं सांगते. पाचव्या दिवशी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. शोभाचे वडील. डोक्याला पांढरा रुमाल, हँडलला अडकवलेली पिशवी. मला वाटलं, लेकीचा जाब विचारायला आले. मी पदर सावरून आत वळले, तर ते मामाजींना म्हणाले, "पोरीले घ्याले आलो. चार दिवस नेतो."

"शोभा न्हाते," मामाजी म्हणाले.

"शोभाले नाई. मोठीले."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, पाच दिवसांत पहिल्यांदा सरळ. "कपडे घे," ते म्हणाले.

मी त्या मोटरसायकलवर मागे बसून बेल्याला गेले. वाऱ्याच्या झळा लागत होत्या, बांधावरच्या मोहाखाली शेळ्या उभ्या होत्या, आणि काका वाटभर ओरडून मला कुठलं शेत कुणाचं ते सांगत होते. तीन दिवस मी त्या घरात झोपले, खाल्लं, पुन्हा झोपले. कुणी मला काही विचारलं नाही. शोभाच्या आईने माझे केस धुतले, आणि धुताना म्हणाली की कोरडे लय झाले, तेल लावत जा.

चौथ्या दिवशी, रविवारी, शोभा आली. दुपारी आंब्याचा रस केला होता. आम्ही दोघी भिंतीला टेकून शेजारी बसलो. आईने दोन ताटं ठेवली, दोन पोळ्या, कुरडई, आणि रसाच्या दोन वाट्या. माझं मन मी ओळखून होते, म्हणून सांगते, मी पाहिलं. कुणाच्या वाटीत जास्त आहे ते पाहिलं. माझ्या वाटीत जास्त होता, चांगला दोन बोटं.

मी गुपचूप मान वर केली, तर शोभा माझ्या वाटीकडे बघत होती.